टेम्पो खाली आहे!

"माणसाने आयुष्यात एकच गोष्ट चोख ठेवावी. भाषा! भाषा चोख असली की माणूस कुठे अडत नाही, कुणाचा गैरसमज होत नाही आणि जगातले निम्मे घोटाळे जन्मालाच येत नाहीत!"

हे उद्गार मी गेल्या जानेवारीत, एका थंडगार सकाळी, नया बाजारातल्या आमच्या घरी, पाय खाली सोडून आरामात बसल्या बसल्या काढले.

"झालं?" आमची सीमंतिनी म्हणाली. "मग पाय वर घ्या. पोछा मारायचाय."

"फरशी पुसायची आहे, असं म्हण."

"पुसायची आहे. घ्या वर!"

मी पाय वर घेतले. तत्त्वासाठी माणसाला थोडं अवघडून बसावं लागतंच.

आमचे पूर्वज दख्खनेतून ग्वाल्हेरला आले त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. येताना त्यांनी देव आणले, ताम्हण-पळी आणली आणि मराठी आणली. देव अजून देव्हाऱ्यात आहेत, ताम्हण-पळी फडताळात आहे, मराठीची मात्र "मी सब्जी चढवून नहायला जाते" अशी दशा झाली आहे. माझ्या हिशेबाने शुद्ध मराठी बोलणारी अडीच माणसं या शहरात उरली आहेत. एक मी. दुसऱ्याचा शोध चालू आहे. अर्धी सीमंतिनी, तीही मी समोर असलो तरच.

पण मूळ गोष्ट भाषेची नाही, मॅरेथॉनची आहे. आणि खरं सांगायचं तर मी तिच्यात पडायला नको होतं. साठी उलटली की गुडघे आणि शेजारी, दोघेही न विचारता बोलायला लागतात. गुडघ्यांना निदान तेल लावता येतं.

आमचे शेजारी जगदेवराव मोहिते. पणजोबा घोडदळात होते. घोडा गेला, तलवार गेली, आवाज तेवढा वारशात आला. त्यांनी "चहा घेणार?" असं विचारलं तरी समोरचा शरण येतो. त्यांची नात शिखा, वय चोवीस. कॉलेजात असताना अपघात झाला, तेव्हापासून व्हीलचेअर. गेली चार वर्षं ती व्हीलचेअरच्या शर्यतीत उतरते. तिचे दंड पाहून आमच्या गल्लीतली जिममध्ये जाणारी मंडळी उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात.

तर शहरात मोठी मॅरेथॉन ठरली. केनियाहून दोन नामांकित धावपटू येणार, शिवाय व्हीलचेअरची दहा किलोमीटरची शर्यत. जगदेवरावांच्या दिवाणखान्यात बैठक भरली. अध्यक्षस्थानी मंदाताई. एका शाळेत चौतीस वर्षं ड्रिल शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण शिट्टी निवृत्त झालेली नाही. ती गळ्यात असतेच.

"भाऊ, तुमची ड्यूटी एकदम आसान आहे," मंदाताई म्हणाल्या.

"सोपी," मी म्हणालो.

"तेच. शिखा, समजाव यांना."

शिखाने समजावलं. शर्यतीची खुर्ची वेगळी असते. लांबलचक, तीन चाकांची, आणि तिच्यात पाय दुमडून गुडघ्यांवर बसावं लागतं. "काका, माझी ही रोजची चेअर. स्टार्टला मी हिच्यातून तिच्यात जाणार, फिनिशला, फूलबागेत, तिच्यातून हिच्यात. म्हणजे मी धावेपर्यंत ही तिकडे पोचली पाहिजे. ही नाही पोचली तर मी रेसिंग चेअरमध्येच अटकणार."

"अडकणार," मी सुधारलं.

"हो काका. अडकणार. आणि फिर मेरा साइन कौन करेगा?"

सहीची भानगड अशी, की चाळीस मिनिटांच्या आत शर्यत संपवणाऱ्याची राज्याच्या शिबिरात निवड होणार होती. पण शर्यत संपल्यापासून वीस मिनिटांत खेळाडूने नोंदणीच्या तंबूत स्वतः हजर होऊन सही करायची. त्या तंबूच्या दारातून ती लांब तीनचाकी आत जात नाही, हे मंदाताईंनी आधीच फूटपट्टीने मोजून ठेवलं होतं. उशीर झाला की वर्ष गेलं.

"चार साल की मेहनत आहे, काका," शिखा म्हणाली. ती हे सहज म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

"पोरी," मी म्हणालो, "खुर्ची पोचली म्हणून समज! फक्त माझी एक अट आहे." मी मंदाताईंकडे वळलो. "उद्या मला ज्या काही सूचना द्याल त्या शुद्ध मराठीत द्यायच्या. धेडगुजरी बोलण्यानेच घोटाळे होतात."

मंदाताईंनी माझ्याकडे, वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "ठीक आहे भाऊ. एकदम शुद्ध बोलीन."

इथेच माती खाल्ली. त्यांनी नव्हे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला!

रविवारी सकाळी सहाला मांढरेच्या मातेच्या देवळाजवळ, टेकडीवरच्या मैदानावर मी हजर झालो. धुकं असं, की आपलाच हात लांबच्या नातेवाइकासारखा अंधूक दिसावा. डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर, अंगात दोन स्वेटर. सीमंतिनीने मला असं बांधलं होतं की मी आंब्याच्या पेटीतून परगावी निघालोय असं वाटावं. आणि त्या थंडीत शिखा बिनबाह्यांच्या बनियनमध्ये! रोजच्या खुर्चीतून हातांच्या जोरावर ती शर्यतीच्या खुर्चीत गेली. पाय दुमडले, पट्टा आवळला, हातमोजे चढवले. आपली लाल शाल रोजच्या खुर्चीवर टाकली. त्या खुर्चीच्या पाठीला 'सात' आकड्याची मोठी पाटी लावलेली होती, म्हणजे कुठली खुर्ची कुणाची याचा गोंधळ नको.

"काका, सांभाळा हं."

"तळहातावरच्या फोडासारखी!" मी म्हणालो.

साडेसहाला पिस्तूल वाजलं. आठ खुर्च्या सटासट धुक्यात शिरल्या. बाकी सातांच्या रोजच्या खुर्च्या त्यांचे भाऊ, काका, मित्र आपापल्या गाड्यांत घालून निघून गेले. मी मंदाताईंच्या सूचनेची वाट बघत उभा राहिलो. माझ्या पाठीमागे एक टेम्पो उभा होता. शर्यतीच्या खुर्च्या त्यातूनच आल्या असाव्यात. त्याचा ड्रायव्हर चहा पीत माझ्याकडे टक लावून बघत होता.

"बाबूजी," तो म्हणाला, "ये कुर्सी रख लें?"

मी चमकलो. दिवसाढवळ्या! "बिलकुल नहीं!" मी ओरडलो. "अमानत है! हाथ मत लगाना!"

तो बिचकला आणि चहाकडे वळला. एक चोरी टाळली, या समाधानात मी होतो, तेवढ्यात फोन वाजला. मंदाताई! त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हजारो हौशी धावणाऱ्यांच्या रांगा लावत होत्या. मागे शिट्ट्यांचा कल्लोळ.

"भाऊ! टेम्पो खाली आहे! पटकन चेअर ठेवा आणि निघा!"

"खाली आहे?"

"हो हो, पूर्ण खाली आहे! जल्दी... लवकर!"

बघा, शब्द चुकला तर स्वतःच सुधारलासुद्धा. मला भरून आलं. टेम्पो खाली आहे. पूर्ण खाली. म्हणजे उताराच्या पार तळाशी. मी खुर्ची वळवली. पण तो मघाचा टेम्पो वाटेत आडवा.

"भैया, गाड़ी हटाओ," मी ड्रायव्हरला म्हणालो. "मुझे नीचे टेम्पो पकड़ना है."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने गाडी हटवली. मी ज्या टेम्पोत खुर्ची ठेवायची तोच टेम्पो बाजूला करून, खुर्ची ढकलत, उतार उतरू लागलो!

मांढरेच्या मातेचा उतार देवीचं दर्शन घेऊन परतणाऱ्याला सुखाचा वाटतो, कारण त्याच्या हातात नारळ असतो, खुर्ची नसते. ती खुर्ची हलकी, चाकं गुळगुळीत. ती पुढे ओढायची, मी मागे ओढायचो. बैल विकायला निघालेला माणूस आणि घाई बैलालाच, असा प्रकार. तळाशी पोचलो तेव्हा गुडघे एकमेकांशी बोलत नव्हते. आणि टेम्पो? टेम्पोचा पत्ता नाही!

कोपऱ्यावर एक हवालदार दोरी धरून उभा होता.

"यहाँ एक टेम्पो होगा?"

"आज टेम्पो-वेम्पो सब बंद, दादा. मैराथन है."

पावणेसात वाजले होते. फूलबाग अजून तीन किलोमीटर. मी श्वास घ्यायला थांबलो. समोर खुर्ची. शालीने झाकलेली, मऊ गादीची. तुम्हीच सांगा, थकलेल्या माणसाने खुर्चीकडे किती वेळ नुसतं बघायचं? फक्त दोन मिनिटं, असं मनाशी म्हणून मी बसलो. थंडी वाजत होती म्हणून शाल गुडघ्यांवर घेतली. चाकं घट्ट राहावीत म्हणून सीटच्या बाजूची एक छोटी दांडी ओढली. ती दांडी चाकं घट्ट करायची होती हे खरं, पण हवालदाराने ती मघाशीच घट्ट करून ठेवली होती. मी ती सैल केली.

उतार संपला असं मला वाटलं होतं. उताराला तसं वाटत नव्हतं.

"अरे अरे अरे!" मी ओरडलो.

"खिलाड़ी है! रास्ता दो!" पुढच्या वळणावरचा दुसरा हवालदार ओरडला आणि त्याने आपली दोरी खाली टाकली. मी सरळ मॅरेथॉनच्या रस्त्यावर! दोन्ही बाजूंना लोक. "दादाजी! दादाजी!" असा गजर. मी दोन्ही हात हलवून थांबवा थांबवा असं सांगत होतो. लोकांना वाटलं मी अभिवादन करतोय. तेही हात हलवू लागले.

पाटणकर बाजाराशी गाडी सपाटीला लागून थांबली. मी उठलो. त्याबरोबर गर्दीतून किंकाळी, "खड़े हो गए! दादाजी खड़े हो गए!" एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. ट्रॅकसूट घातलेले चार धष्टपुष्ट गृहस्थ धावत आले. कुठल्याशा प्रभातफेरी मंडळाचे.

"दादाजी, बैठिए! रिस्क मत लीजिए!"

"अहो, मी... मेरे पैर ठीक हैं!"

"यही जज़्बा चाहिए!" असं म्हणून त्यांनी मला खांदे धरून बसवलं आणि ढकलायला सुरुवात केली.

मी विरोध का केला नाही, असं तुम्ही विचाराल. केला की! साधारण वीस पावलं. मग, खोटं कशाला बोला, बरं वाटायला लागलं. निवृत्तीनंतर सहा वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी कुठेतरी घेऊन चाललं होतं. नाहीतर पिशवी देऊन पाठवतात. शिवाय मी मनाशी हिशेब मांडला. खुर्ची फूलबागेलाच चालली आहे. तिच्यात मी आहे, हा तपशील!

फोन वाजला. जगदेवराव.

"भालचंद्र! शिखा येईलच आता. चेअर खाली आहे ना?"

"आता खालीच आहे! मघाशी वर होती."

"वर? वर कोण बसलं होतं?"

"वर कुणी नाही बसलं. खाली आल्यावर बसलो."

"कोण बसलं??"

हा तोफखाना माझ्या कानात सुटला आणि पाठोपाठ मंदाताईंचा फोन आत घुसला.

"भाऊ! गजब झालं! टेम्पोवाला सांगतोय की कुणी एक खूसट म्हातारा त्याच्यावर ओरडला आणि शिखाची चेअर घेऊन पळाला! कानटोपी, मफलर, दोन स्वेटर! पोलिसांना सांगितलंय मी. तुम्ही चोराला पाहिलंत?"

मी हळूच कानटोपी काढून खिशात घातली.

"मंदाताई, चेअर माझ्याकडे आहे. पण तुमचा टेम्पो खाली नव्हता."

"होता! पूर्ण खाली होता! तुमच्या पाठीमागेच उभा होता!"

"पाठीमागे म्हणजे वर. तुम्ही खाली म्हणालात, मी खाली आलो."

"अहो, खाली म्हणजे खाली!"

"खाली म्हणजे खालीच की!"

मग दातांवर दात ठेवून एकेक अक्षर आलं. "रि. का. मा."

"मग रिकामा म्हणायचं!" मी ओरडलो. "मी आधीच सांगितलं होतं!"

त्यावर त्यांनी फोनमध्ये शिट्टी वाजवली. माझा डावा कान अजून पूर्ण बरा नाही.

एवढ्यात मागून टप टप टप असा आवाज आला. पुरुषांची मुख्य शर्यत! केनियाचा पाहुणा, ताडासारखा, घामाचा थेंब नाही. माझ्या बाजूला आल्यावर त्याने मला पाहिलं, ढकलणाऱ्या चौघांना पाहिलं, अंगठा वर केला आणि निघून गेला. लोकांनी मात्र एवढंच पाहिलं की शंभर पावलं तरी दादाजी केनियाच्या पुढे होते! त्यानंतर जे काही झालं ते माझ्या हातात नव्हतं. फुलं पडत होती. कुणीतरी लहान मूल माझ्या मांडीवर ठेवून फोटो काढला. एका मिठाईवाल्याने तोंडात गजक, म्हणजे इथली तिळाची चिक्की, कोंबली, त्यामुळे पुढची पाच मिनिटं मला खुलासाही करता येईना.

आणि शिखा?

शिखा सात वाजून नऊ मिनिटांनी पोचली होती. एकोणचाळीस मिनिटं, बारा सेकंद! हे मला नंतर कळलं. त्या वेळी फूलबागेत टाळ्या वाजवायला जगदेवराव आणि दोन पाणीवाले एवढेच होते, कारण मान्यवर अजून यायचे होते आणि मान्यवर आल्याशिवाय गर्दी टाळ्या वाजवत नाही. ती तशीच, गुडघे दुमडून, पट्ट्यात आवळलेली, त्या अरुंद खुर्चीत माझी वाट बघत होती. पायांत पेटके येऊ लागले होते. समोर तीस पावलांवर तंबू, आणि तंबूच्या दारात घड्याळ घेऊन बसलेले गृहस्थ. जगदेवराव म्हणाले, "मी उचलून नेतो." त्यांना स्वतःला उचलायला दोघं लागतात.

सात चोवीसला मी वाजत गाजत फूलबागेत शिरलो. ध्वनिक्षेपकावरच्या निवेदकाने माझ्या पाठीमागची पाटी वाचली, हातातली यादी चाळली आणि आरोळी ठोकली,

"और ये आ गए नंबर सात! ग्वालियर की बेटी! शिखा मोहिते! उम्र चौबीस साल!"

माझ्या मिशा पांढऱ्या आहेत. ते पाहून निवेदक क्षणभर घुटमळला. पण निवेदकच तो! "उम्र तो बस एक नंबर है!" म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट!

मान्यवर आलेच होते. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, पदक घातलं, डोळे मिटून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माइक माझ्या हातात दिला. "दादाजी, युवाओं को संदेश दीजिए."

गजक नुकतीच विरघळली होती. समोर पाच हजार लोक. आता मला सांगा, ज्या माणसाला घरात एक वाक्य पुरं करू देत नाहीत, त्याच्या हातात माइक दिला तर काय होईल? मला उठायचं होतं. देवाशपथ, उठायचंच होतं! पण जीभ आधी उठली.

"मित्रहो," मी म्हणालो, "माणसाने आयुष्यात एकच गोष्ट चोख..."

"भालचंद्र! ऊऽऽठ!"

तोफ डागली गेली. घोडदळातल्या पणजोबांच्या आज्ञेने किल्ल्यावरची कबुतरंसुद्धा उडाली असतील. मी ताडकन उठून उभा राहिलो.

मग पाच हजार गळ्यांतून एकच शब्द, "चमत्कार!" मान्यवर स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. दोघं-तिघं माझ्या पायांवर पडले, त्यामुळे खुर्ची पुढे ढकलायला मला वाट मिळेना. शेवटी जगदेवरावांनीच ती हिसकावून, गर्दीत नांगर घालावा तशी पलीकडे नेली.

तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. शिखाने पट्टा सोडला. हात टेकले. आधी जमेना, पाय बधिर झाले होते. दुसऱ्यांदा दात आवळले आणि स्वतःला उचलून इकडच्या खुर्चीत टाकलं. घाम नव्हता, पण चेहरा पांढरा पडला होता. मग दोन्ही हातांनी चाकांना अशी काही गती दिली की लोक आपसूक बाजूला झाले. सात अठ्ठावीसला तिची सही झाली. एक मिनिट शिल्लक होतं.

गर्दी नऊपर्यंत मला सोडेना. एकाने गुडघेदुखीवर माझा हात ठेवून घेतला. त्याला बरं वाटलं म्हणे. माझ्या दोन्ही गुडघ्यांची मात्र सुजून कलिंगडं झाली होती, आणि बसायला कुठे काही नव्हतं. ज्यांच्या पायांवर लोक डोकं ठेवतात त्यांना खुर्ची देत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळे पांगल्यावर मी दुभाजकाच्या कठड्यावर बसलो. शिखा खुर्ची चालवत समोर आली. शाल घेतलेली, पोटात गरम चहा गेलेला. मी पदक काढून पुढे केलं.

"हे तुझं, पोरी. माझं चुकलं."

"माझं मला मिळालं, काका," ती म्हणाली आणि ते परत माझ्या हातात ठेवलं. नंतर जरा वेळ चाकाशी चाळा करत बसली. "सिलेक्शन झालं माझं. पुढच्या महिन्यात ट्रायल आहे."

"मी येणार!" मी म्हणालो. "सांग, काय काम करू? काहीही सांग!"

"तुम्ही या ना, पक्कं या," शिखा म्हणाली. "टाळ्या वाजवा. फक्त, काका... उभं राहून वाजवाल?"